हिशेबात न धरलेलं अंतर

पिग्मीच्या वहीमागे मी गाडीची वही ठेवते.
तारीख, लिटर, काट्यावरचा आकडा,
आणि शेवटचा रकाना, जो भरताना जीभ दातांखाली येते:
लिटरमागे तेरा पूर्णांक चार.
दिवाडीहून फोंडा, फोंड्याहून दिवाडी.
दुकानादुकानातून वीस-पन्नास रुपये गोळा करणाऱ्या बाईने
पेट्रोल असं सांडत फिरावं, बरं दिसत नाही.

खोर्लीचा कायतान मिस्त्री डाव्या कानाने ठार बहिरा.
उजवा बॉनेटपाशी नेऊन ऐकतो,
तान्हं झोपलंय की नुसते डोळे मिटून पडलंय
हे ऐकावं तसं.
एअर फिल्टर काढून त्याने बाकावर आपटला.
एवढी लाल धूळ पडली
की पायाशी फिरणारी कोंबडी उठून गेली.
"आधी हिला श्वास घेऊ दे, बाय. मग मायलेज विचार."

हवा सकाळी भरायची, टायर थंड असताना.
चालून तापलेला टायर खोटा आकडा सांगतो,
"तुझ्या त्या मार्दोळच्या कर्जदारासारखा."
ॲक्सिलरेटरखाली सोलं वाळत घातलीत असं समजायचं,
आजच फोडलेल्या भिरंडांची.
दाब, पण रस काढू नकोस.
पुढे म्हशी दिसल्या की ब्रेकवर उडी नको, पाय आधीच उचल.
म्हशी तुला बघून घाई करणार नाहीत.
सवकास, बाय. सवकास.

फर्मागुडीच्या उतारावर मी गाडी न्यूट्रलला टाकायची,
फुकटात उतरले म्हणून खूश.
हे ऐकून तो खरंच चिडला.
"गियरमध्येच ठेव. नुसता पाय काढ.
तेव्हा उतारच इंजिन फिरवतो, ते थेंबभर पीत नाही.
न्यूट्रलला पितं.
आणि वर बिचारा ब्रेक एकटा पडतो."

मग त्याने डिकी उघडली.

तेवीस टाइल्स.
करड्या, कडेने बारीक निळी वेल.
सावईच्या जागेसाठी आणलेला पहिला खोका.
जागा विकूनही तीन पावसाळे गेले,
खोका उतरवायचा राहिला.
"किती किलो?"
असतील तीसेक.
"म्हणजे एक पोरगं रोज फोंड्याला नेतेस आणि परत आणतेस.
आणि ते शाळेतही जात नाही."
मी म्हटलं, पुढच्या खेपेला काढते.
पुढच्या खेपेलाही हेच म्हटलं.

चवथीच्या आधी त्याच्या नळापाशी चिखल बघितला
आणि खोका मीच उचलून तिथे ठेवला.
आता आवेलिना त्यावर बांगडे धुते.
निळ्या वेलीला खवले चिकटलेले असतात.
मी बघते, बघत नाही.

सोळा पूर्णांक एक.
त्यात टाइल्सचे किती, हवेचे किती, फिल्टरचे किती,
कायतानलाही सांगता येत नाही.

मध्येच एका टाकीचा आकडा अकरा आहे.
त्या आठवड्यात रात्रीच्या शेवटच्या फेरीने
शेजारच्या लुर्दिनला बांबोळीला नेलं.
ती मागच्या सीटवर माझ्या नावाने ओरडत होती,
मी सोलांचा पार चिखल केला.
मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम.
हे वहीत नाही, इथे लिहिते.

संध्याकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावर, रांगेत,
मी आधीच चावी फिरवते.
पुढचा पाहुणा एसीसाठी इंजिन घुरघुरत ठेवतो,
ठेवो.
फळी वर उचलली जाते, फेरी सुटते.
हँडब्रेक ओढलेला, काच खाली,
काट्यावरचा शेवटचा आकडा जागचा हलत नाही,
आणि गाडी चाललेली असते.
मांडवी खालून सरकते,
पलीकडची खारफुटी हळूहळू मोठी होत येते,
एक थेंब न जाळता.

हे अंतर कुठल्या रकान्यात धरायचं,
एकदा कायतानला विचारलं होतं.
त्याने डावा कान पुढे केला.